साहेबांचा दिवा

वायरमनकाकांच्या घरात सरडा आला तेव्हा ते पंधरा दिवस बोलले नव्हते. सरड्याशी नव्हे, बायकोशी. बायको कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मुलं तिला बाई म्हणत, प्राध्यापकही बाई म्हणत, आणि काकांनी लग्नानंतर थट्टेनं सुरू केलेलं बाई पुढं कायमचं झालं. निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ नाहीतर फुलांचा गुच्छ घेऊन घरी येतात. बाई आल्या त्या जाळीची पेटी घेऊन, आणि पेटीत फांदीला घट्ट धरून बसलेला वीतभर हिरवा सरडा. शॅमेलिऑन. प्रयोगशाळा बंद होणार होती आणि त्याला न्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

"हा आपल्या घरात राहणार?" काकांनी विचारलं.

"तुम्ही राहता की," बाई म्हणाल्या.

अबोला सुटला तो सरड्यामुळेच. एका दुपारी काका पेपर वाचत बसले असताना त्यांना कोणीतरी बघतंय असं वाटलं. सरड्याचा एक डोळा त्यांच्यावर होता आणि दुसरा स्वयंपाकघराच्या दाराकडे. त्यांच्या खात्यात एक साहेब होते, हुबेहूब असेच. एक नजर कामगारावर, एक घड्याळावर, आणि पाऊल टाकायचं म्हटलं की आधी दोनदा पुढंमागं डुलायचं. काका एकटेच खो खो हसत सुटले. बाई काय झालं म्हणून बाहेर आल्या. तेव्हापासून सरड्याचं नाव साहेब पडलं, आणि साहेबांना 'अरे तुरे' करायची सोय राहिली नाही.

काकांनी साहेबांना पुरुषभर उंच जाळीचा पिंजरा बांधून दिला. वर दोन दिवे बसवले, एक उबेचा बल्ब आणि एक लांब ट्यूब, आणि दोन्हींना सकाळी सातला दिवे लावून संध्याकाळी सातला विझवणारं घड्याळ जोडलं. "दिव्यांचं खातं माझं, पोटाचं तुमचं," ते म्हणाले. पोटाचं खातं सोपं नव्हतं. साहेब वाटीतलं पाणी पीत नसत, पानावरून ओघळणारा थेंबच त्यांना पाणी वाटे. म्हणून बाई रोज सकाळ-संध्याकाळ फवाऱ्यानं पानं भिजवत. खायला जिवंत रातकिडे. ते माशांच्या टाक्या विकणाऱ्याच्या दुकानातून आणायचे, डब्यात ठेवून त्यांना गाजराचे तुकडे घालायचे आणि वाढण्याआधी कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचे. डबा बाथरूममध्ये असे. "आमच्या घरात जेवणारे तीन आणि गाणारे शंभर," असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दर सहा महिन्यांनी बाई ट्यूब बदलायला लावत. चांगली लखलखीत लागणारी ट्यूब! काका कुरकुरत नवी बसवत आणि जुनी बाथरूममध्ये लावून टाकत. का बदलायची हे त्यांनी एकदाच विचारलं होतं.

"तुम्ही पस्तीस वर्षं दिवे लावलेत, तुम्हाला नाही कळायचं," बाई हसून म्हणाल्या होत्या, आणि विषय तिथंच राहिला.

तीन वर्षं अशी गेली. मग बाई विसरू लागल्या.

सुरुवात रातकिड्यांपासून झाली. साहेबांना दिवसाआड सहा किडे पुरत. एका सकाळी काका आंघोळ करून आले तर पिंजऱ्यात वीसेक किडे उड्या मारत होते आणि साहेब तोंड फिरवून बसले होते. बाई डबा उघडून आणखी काढत होत्या.

"अहो, झालं की मघाशी."

"कुठं झालं? सकाळपासून उपाशी आहे तो."

"मी बघितलं ना तुम्हाला वाढताना."

"तुम्ही कालचं बघितलं असेल," बाई ठामपणे म्हणाल्या. इतक्या ठामपणे, की काका भिंतीवरच्या तारखेकडं बघायला गेले.

उरलेले किडे अंगावर चढून चावतात, साहेबांच्या पायाला जखम झाली. मग काकांनी डबा गॅलरीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाई कपाटाच्या दाराशी उभ्या राहून कडी हलवत. पहिल्या दिवशी त्या रागावल्या, दुसऱ्या दिवशी रडल्या. महिन्याभरात त्यांनी कपाटाकडं जाणं सोडलं, आणि पोटाचं खातंही काकांकडं आलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या, गोळ्यांनी काय होणार हे विचारल्यावर मात्र ते खिडकीबाहेर बघत बोलले होते.

एखाद्या सकाळी बाईंचं डोकं धुतलेल्या काचेसारखं लख्ख असे. अशा वेळी त्या खुर्ची ओढून पिंजऱ्यासमोर बसत आणि काकांना शिकवत.

"हात वरून नका नेऊ. वरून येतो तो पक्षी. खालून न्या, हळू. हां. आता थांबा. त्याला ठरवू दे."

काका थांबत. साहेब दोन्ही डोळे किड्यावर आणत, आणि अंगाच्या दुप्पट लांब जीभ सटकन सुटून परत येई. काकांना दरवेळी दचकायला होई आणि बाई हसत. दुपारपर्यंत हे सगळं संपलेलं असे. दुपारी बाई सांगत की गॅस गळतोय. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईनं आपले बूट नेले. आपली आई बसस्टँडवर येऊन थांबलीय, तिला आणायला कोणी गेलं का? सुरुवातीला काका प्रत्येक गोष्ट तपासत. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बघत, पलंगाखालून बूट काढून दाखवत. पुढं ते नुसते "हो, बघतो" म्हणू लागले, आणि बघायचं सोडलं. लेक दुसऱ्या शहरात होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, वाद घालू नका. हो म्हणा आणि सोडून द्या. सगळे असंच सांगतात."

आणि मग एका दुपारी बाई म्हणाल्या, "दिवा मेलाय."

काका भाजी चिरत होते. "कुठला?"

"साहेबांचा."

काकांनी मान वाकडी करून बघितलं. दोन्ही दिवे लागलेले होते. "अहो, लागलाय की. चांगला लागलाय."

"लागलाय. पण मेलाय."

"हो, बघतो," काका म्हणाले आणि भाजी चिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर बाईंनी ट्यूबचा ध्यास घेतला. काका शेवटी वैतागले. स्टुलावर चढून त्यांनी ट्यूब काढली, टेस्टर लावून दाखवला, पुन्हा बसवली. ट्यूब न लुकलुकता लागली.

"ही बघा. पस्तीस वर्षं हेच केलं मी. अख्ख्या गावाचे खांब माझ्या हाताखालून गेलेत. लागलेला दिवा आणि मेलेला दिवा मला कळत नाही होय?"

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ओठ हलत होते, पण शब्द हाती लागत नव्हता. "तो नाही हो," त्या म्हणाल्या. "त्यातला तो... आतला." आणि त्यांना रडू कोसळलं. काकांनी त्यांना पाणी दिलं, टीव्ही लावून दिला.

चार दिवसांनी काका बाजारातून आले तर पिंजऱ्यावर नुसता बल्ब जळत होता. ट्यूब कचऱ्याच्या डब्यात उभी करून ठेवली होती, जुन्या पेपरात नीट गुंडाळून, पूर्वी प्रयोगशाळेतली काच टाकताना त्या जशी गुंडाळत तशी. काकांचा संताप झाला. त्यांनी आवाज चढवला. चाळीस वर्षांत चढवला नव्हता तेवढा.

"हात लावायचा नाही दिव्याला! कळलं? जीव जायचा एखाद्या दिवशी!"

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मार चुकवायला उभं राहावं तशा. काकांनी ट्यूब कचऱ्यातून काढली, पेपर सोडवला, ओल्या फडक्यानं पुसली आणि परत जागेवर बसवली. मग होल्डरला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे पुन्हा निघायला नको.

त्यानंतर बाई दिव्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

दीड-दोन महिन्यांनी साहेबांचा नेम चुकला. जीभ सुटली आणि किड्याच्या अलीकडंच पडली. दुसऱ्यांदाही अर्ध्यावरच. काकांना वाटलं, वय झालं. ते किडा चिमट्यानं जवळ नेऊ लागले. साहेब वरच्या फांदीवर जायचे बंद झाले, खालच्या जाड काटकीवर पोट टेकून बसू लागले. पुढच्या पायाची कांब मधोमध वाकल्यासारखी दिसत होती. काकांनी ती बघितली, चष्मा पुसून परत बघितली. त्याच संध्याकाळी धप्प आवाज आला. साहेब पिंजऱ्याच्या तळाशी कुशीवर पडले होते आणि त्यांचा रंग जळक्या पानासारखा काळपट झाला होता.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई कुत्र्यामांजरांच्या होत्या, पण सरड्यांचंही थोडं बघत. काका साहेबांना बुटाच्या खोक्यात मऊ फडकं घालून घेऊन गेले. बाईंना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून एका हातात खोकं आणि दुसऱ्या हातात बाईंचा हात. डॉक्टरीणबाईंनी साहेबांचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला. जबडा रबरासारखा आत गेला.

"हाडं मऊ पडलीत. कॅल्शियम देता?"

"दर वेळी. पुडीत घोळवून."

"आणि ट्यूब कधी बदलली?"

"ट्यूब चांगली आहे," काका म्हणाले. "लागते."

"लागण्याचा प्रश्न नाही हो. आपल्याला दिसतो तो उजेड वेगळा. न दिसणारा एक असतो, उन्हात असतो तसा, तो अंगावर पडला तरच यांना कॅल्शियम लागू पडतं. सहा महिने, फार तर वर्षभर. मग ट्यूब लागत राहते, पण त्यातला तो उजेड संपलेला असतो. तुमची किती जुनी आहे?"

काकांनी मनात हिशेब केला. बाई बदलायला लावायच्या थांबल्या तेव्हापासूनचा. "पावणेदोन वर्षं."

"अरेरे. कोणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

काकांनी वळून बघितलं. बाई बाकावर बसून शेजारच्या माणसाच्या कुत्र्याच्या पट्ट्याची कडी उघडझाप करत होत्या.

"सांगितलं होतं," काका म्हणाले.

त्याच दिवशी नवी ट्यूब आली. चिकटपट्टी सुरीनं कापून काढावी लागली. साहेबांना पातळ औषध सिरिंजनं द्यायचं होतं, दिवसातून दोनदा, एकेक थेंब ओठाच्या कडेला. काका ते अशा तंद्रीनं करत, जणू तेवढ्यावर सगळं जग अडलंय. पिंजरा त्यांनी बुटका केला, खाली टॉवेल अंथरला. आणि रात्रीच्या जेवणाआधी ते बाईंसमोर जाऊन बसले.

"बाई, तुमचं बरोबर होतं."

"कशाचं?"

"दिव्याचं. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही."

"असू दे हो," बाई प्रेमानं म्हणाल्या. "कुठला दिवा?"

काकांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ट्यूब, टेस्टर, कचऱ्याचा डबा, आपला आरडाओरडा. बाईंनी एखाद्या परक्याची हकीकत ऐकावी तशी मान डोलवत ऐकली. शेवटी म्हणाल्या, "त्या बाईंना वाईट वाटलं असेल."

"हो," काका म्हणाले.

त्यानंतर काकांनी एकही गोष्ट सोडली नाही. गॅस गळतोय म्हटलं की साबणाचं पाणी. बूट नेले म्हटलं की समोरच्या बिऱ्हाडाची बेल. समोरच्यांनी दोनदा समजून घेतलं, तिसऱ्यांदा दार उघडलं नाही. लेक फोनवर चिडली. "बाबा, तुम्हालाही काहीतरी व्हायला लागलंय."

"तिचं एक खरं होतं," काका म्हणाले. "कुठलं खरं असेल ते मला कसं कळणार?"

एका दुपारी बाईंची आई पुन्हा बसस्टँडवर आली. ही आई जाऊन तेवीस वर्षं झाली होती. काकांनी बाईंना स्वेटर घातला आणि दोघं गेले. तीन नंबरच्या फलाटासमोर बाकावर बसले. गाड्या आल्या, माणसं उतरली. दर गाडीला बाई उठून उभ्या राहत, उतरणाऱ्या प्रत्येक म्हातारीच्या तोंडाकडं बघत आणि परत बसत. काकाही उठत. दोन तासांनी बाई म्हणाल्या, "आपण कोणाची वाट बघतोय?" "गाडीची," ते म्हणाले, आणि दोघं चालत घरी आले.

साहेब सुधारले नाहीत. डॉक्टरीणबाई आधीच म्हणाल्या होत्या की वाकलेलं हाड सरळ होत नाही, पुढचं वाकायचं थांबलं तरी पुष्कळ. पण जबडा मिटेनासा झाला, जीभ आत राहीना. तिचं टोक वाळून काळं पडलं. औषधाचा थेंब तोंडातून बाहेर ओघळे. डोळे खोल गेले, दिवसाही मिटलेले राहू लागले. अकराव्या आठवड्यात काका पुन्हा बुटाचं खोकं घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि काही बोलायच्या आधी हातमोजे काढून ठेवले.

"त्यांना त्रास होतोय, काका. एक इंजेक्शन, झोप लागते, मग दुसरं. तुमच्या जागी मी असते तर थांबले नसते."

काका मान हलवत राहिले. हो की नाही हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. तेवढ्यात बाई पुढं आल्या. त्यांनी पंजा उताणा करून साहेबांच्या छातीखाली सरकवला, खालून, हळू, आणि थांबल्या. साहेबांनी एक पाय उचलला. तो हवेतच थरथरला. मग बाईंच्या बोटावर टेकला. दुसरा उचलता येत नव्हता, बाईंनी तो अंगठ्यानं वर घेतला. आयुष्यभर कोणाच्या हातावर न चढलेले साहेब तळव्याच्या उबेत पोट टेकून बसले, आणि काळपट अंगावर, मानेपाशी, थोडासा हिरवा रंग आला.

"कोणाचा हो हा?" बाईंनी विचारलं.

"तुमचा."

"फार आजारी आहे. एवढं होईपर्यंत घरच्यांनी काय केलं?"

डॉक्टरीणबाईंनी साहेबांना सुई बाईंच्या तळहातावरच दिली. हिरवा रंग थोडा वेळ राहिला, मग तोही गेला.

पिंजरा तसाच ठेवायला नको, असं लेक म्हणाली. ती पुढच्या आठवड्यात येणार होती, बाईंना ठेवायच्या एका जागेचे कागद घेऊन. काका नको म्हणाले नाहीत. रविवारी दुपारी त्यांनी स्टूल घेतलं आणि पिंजऱ्यावरचं वायरिंग उतरवायला सुरुवात केली. बल्ब काढला, घड्याळ काढलं, तारा गुंडाळल्या. बाई खुर्चीवर बसून बघत होत्या. आज त्यांनी केस नीट विंचरले होते, नजर स्वच्छ होती. काकांना वाटलं, लख्ख दिवस आहे. ते मनात शब्द जुळवत होते. आज सांगितलं तर पोचेल. आज कदाचित त्या रागावतील तरी.

"झालं का तुमचं काम?" बाईंनी विचारलं.

"होत आलं."

"मग निघा आता. बराच वेळ लागला तुम्हाला." त्यांचा आवाज शांत होता, अनोळखी माणसाशी अदबीनं बोलावं तसा. "आमचे हे यायची वेळ झाली. तेही वायरमनच आहेत, घरच्या वायरिंगला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना आवडत नाही."

काका स्टुलावरच उभे राहिले. पक्कड त्यांच्या हातात होती.

"कधी येतात ते?"

"सहाला. ड्यूटी संपली की. कुठं थांबत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं की काकांना बघवेना. "फार चांगले आहेत. माझं सगळं ऐकतात."

काका खाली उतरले. हत्यारं पिशवीत भरली. बाई दारापर्यंत आल्या, काका बाहेर पडल्यावर त्यांनी आतून कडी लावली. काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले, कान दाराकडं लावून. आत नळ सुटला, बंद झाला. खुर्ची सरकली. पावणेसहाला त्यांनी उठून कपडे झटकले, केसांवरून हात फिरवला. सहा वाजले तशी बेल दाबली.

दार साखळीएवढं उघडलं. फटीतून बाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागं, जिन्याकडं.

"अजून आले नाहीत ते," बाई म्हणाल्या. "तुम्ही उद्या या."